गतिरोधकाजवळची जागा

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की थोड्या वेळाने जिल्हा परिषदेची एक शाळा लागते. शाळेसमोर रस्त्यावर गतिरोधक आहे. मुलांना रस्ता नीट ओलांडता यावा म्हणून तो केलेला. पण गावातल्या बायकांना त्याचा आणखी एक उपयोग सापडला. सीताफळाच्या दिवसांत डोंगरातून पाट्या भरून आणायच्या आणि रस्त्याच्या कडेला विकायला बसायचं, हा इथला जुना धंदा. गाडी वेगात असली की आतल्या माणसाला फळ दिसत नाही, आणि दिसलं तोवर गाडी पुढे गेलेली असते. गतिरोधकापाशी मात्र मंत्र्याच्या गाडीलाही हळू व्हावं लागतं. काच खाली येते, कुणीतरी विचारतं, "कसे दिले?" म्हणून गतिरोधकाला लागून असलेली जागा सगळ्यांत भारी. तिथून जितकं लांब बसावं, तितका धंदा हलका.

ती पहिली जागा वर्षानुवर्षं सुंदरबाईची होती. तिच्या आधी तिच्या सासूची. ती त्यांचीच का, असं कुणी विचारलं नव्हतं. घर बागायतदाराचं, नवरा राधाकिशन पुढाऱ्यांच्या मागेपुढे असणारा, एवढं पुरेसं होतं. बाकीच्या बायका आपापल्या घराच्या वजनाप्रमाणे तिच्यामागे ओळीने बसायच्या. शेवटी कोयत्यावर जाणाऱ्या घरांतल्या बायका असायच्या. दिवाळी झाली की त्या नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायच्या, त्यामुळे त्यांचा हंगाम तसाही अर्धाच.

मागच्या वर्षी मधल्या जागेवरून दोघींची मारामारी झाली आणि एकीचं डोकं फुटलं. विषय ग्रामसभेत आला. सगळ्यांत वयस्कर विक्रेती वत्सलाबाई उठली आणि म्हणाली, "रोज नवी जागा द्या. ज्याच्या नशिबात येईल ती." हो-ना करता करता ठराव झाला. प्रत्येकीने आपली एक खूण पत्र्याच्या डब्यात टाकायची. कुणी चिंचोका, कुणी गुंडी, कुणी जुनी चावी. मग एकेक खूण बाहेर काढायची आणि त्या क्रमाने बसायचं.

पण काढायची कुणी? इथेच खरी मेख होती. गावातला कोणीही हात घालणार म्हटलं, की तो कुणाचा तरी दीर, कुणाचा तरी भाचा निघायचा. शेवटी वत्सलाबाईनेच तोड काढली. सकाळची एसटी गतिरोधकापाशी हळू होते, हात केला की थांबते. तिच्या कंडक्टरने डब्यात हात घालायचा. कंडक्टर रोज बदलतो, त्याला या गावातलं कुणी सगं नाही की सोयरं नाही. पहिल्या दिवशी कंडक्टर घाबरला, मग हसला. पुढे पुढे प्रवासीही खिडकीतून माना काढून बघायला लागले, कुणाची खूण निघते ते.

सुंदरबाईची खूण होती सुपारी. शिवकन्याची खूण म्हणजे हिरव्या काकणाचा तुकडा.

शिवकन्या शिरूर कासारकडची. लग्न होऊन आली तेव्हापासून दरवर्षी कोयत्याला जायची. अंगाने बारीक, बोलायला मोकळी, आणि सुंदरबाईच्या मते नको तितकी हसरी. पूर्वी ती पार शेवटी, बाभळीच्या पलीकडे बसायची. तिथे गिऱ्हाईक येतच नसे, म्हणून ती फळंही कशीतरी आणायची. ती एकटीच नाही, शेवटच्या सगळ्याच बायका तसं करायच्या. वर चार बरी फळं, खाली कच्ची. एखादी गाडी फसायची आणि मग ती गाडी पुन्हा कधी थांबायची नाही.

डबा सुरू झाल्यावर एक गोष्ट कुणी न सांगता घडली. उद्या आपण पहिल्या जागेवर असू शकतो हे कळल्यावर प्रत्येकीला आपल्या पाटीकडे बघावंसं वाटायला लागलं. शिवकन्याने तर तीन ढीग करायला सुरुवात केली. डोळे पूर्ण उघडलेली फळं आज खायला, थोडे उघडलेली उद्या, आणि घट्ट असलेली परवासाठी. गिऱ्हाईकाला ती हातात फळ देऊन दाखवायची. "साहेब, हे घरी जाऊस्तोवर थांबणार न्हाई, हितंच खा. आन् हे वैनींसाठी न्या, उद्या संध्याकाळी फोडा." लोक हसायचे, घ्यायचे, आणि पुढच्या आठवड्यात परत येताना थांबायचे. तिच्या शेजारणींनीही ढीग करायला घेतले. गाड्या जास्त थांबू लागल्या. सुंदरबाईची पाटीसुद्धा पूर्वीपेक्षा लवकर रिकामी व्हायची, चौथ्या-पाचव्या जागेवर बसली तरी.

पण सुंदरबाई स्वतःच्या पाटीकडे बघतच नव्हती.

त्या दिवशी हिरवं काकण पहिलं निघालं. सुंदरबाई सातव्या जागेवर होती. तिथून तिला शिवकन्याची पाठ दिसत होती. पाठीवर नवीन पोलकं. पांढरी गाडी थांबली, मग एक जीप थांबली. जीपमधली बाई खाली उतरून शिवकन्याशी असं बोलत होती, जणू माहेरचीच कुणी भेटली. सुंदरबाई तिकडेच बघत राहिली. तिच्यासमोर एक म्हातारा गिऱ्हाईक उभा होता आणि "ही कशी दिली?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. तिने ऐकलंच नाही. म्हातारा कंटाळून पुढच्या पाटीकडे गेला.

दुपारी शिवकन्या रिकामी पाटी डोक्यावर उपडी घालून निघाली, तेव्हा सुंदरबाईच्या तोंडून निघालंच, "झालं का गं खपून? आमच्या सासूच्या जागंचा गुण हाय तो."

"जागंचा गुण असंल काकू," शिवकन्या थांबून म्हणाली, "पर सासूबाईच्या टायमाला पाटीच्या बुडी कच्ची फळं असायची म्हणं."

बायका खळखळून हसल्या. वत्सलाबाईने तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते.

सुंदरबाई घरी आली ती धुमसतच. राधाकिशन ओसरीवर मोबाइल बघत बसला होता.

"तुमी नुसते मोबाइल बगा," ती म्हणाली. "तिकडं कोयतेवाली मपल्या जाग्यावर बसून मला बोलती."

"मग ठरावाला हात कावून वर केलता?"

"समद्यांनी केला म्हून केला! मला काय म्हाईत, हिचंच नशीब रोज उघडंल?"

रोज उघडत नव्हतं. डब्यात जितक्या खुणा, तितक्यांना सारखीच संधी होती, आणि शिवकन्याचं काकण निघालं त्याच्या आदल्याच दिवशी सुंदरबाईची सुपारी पहिली निघाली होती. पण मत्सराला असला हिशेब येत नाही. त्याला फक्त समोरचा दिसतो.

"दादांना सांगा," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यांच्या सभांना सतरंज्या उचलल्या. बायकोची जागा देता येत न्हाई का तुमाला?"

दादा म्हणजे अमरसिंह. पूर्वी पंचायत समितीवर होते. आता कुठलंच पद नव्हतं, तरी घरकुलाच्या यादीत नाव, टँकरची जादा खेप, पोराची बदली, सगळं त्यांच्या एका फोनवर चालायचं. चार दिवसांनी त्यांची गाडी शाळेसमोर थांबली. ते उतरले, सगळ्यांना नमस्कार केला, एक सीताफळ उचलून वास घेतला.

"हे डबा-बिबा काय लावलंय आयाबहिणींनो?" ते हसत म्हणाले. "कंडक्टर ठरवणार का आपल्या गावात कुणी कुठं बसायचं? मी जिवंत हाय ना अजून!"

"ग्रामसभेचा ठराव हाय दादा," वत्सलाबाई म्हणाली.

"ग्रामसभा म्हणजे कोण? तुमीच ना? आन् मी कोण? तुमचाच. मग झालं तर." त्यांनी बोट दाखवून जागा वाटायला सुरुवात केली. पहिली सुंदरबाईला. दुसरी त्यांच्या एका कार्यकर्त्याच्या आईला. अशा करत करत शेवटची, बाभळीच्या पलीकडची, शिवकन्याला.

वत्सलाबाईने तोंड उघडलं होतं, पण तिच्या लेकाचं घरकुल यंदाच्या यादीत होतं. तिने तोंड मिटलं. बाकीच्या आधीच खाली बघत होत्या.

त्या संध्याकाळी सुंदरबाईने घरात गोड केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती गतिरोधकाला लागून बसू लागली, आणि गाडीकडे पाहण्याआधी मान वळवून बाभळीकडे बघू लागली. शिवकन्या तिथे बसलेली असायची, हातात काडी घेऊन मातीत रेघा ओढत. ते बघून सुंदरबाईचं मन भरायचं. मन भरलं की हात सैल पडतात. पाटी नीट लावायची तिला आता गरज वाटेना. कशीही लावली तरी पहिली जागा आपलीच.

तसंच बाकीच्यांचंही झालं, उलट्या बाजूने. मागच्या बायकांना कळलं, की आपण कितीही निवडून फळ आणलं तरी पुढे जाणार नाही. ढीग करणं बंद झालं. एकदोघी पाटी घेऊन गाड्यांच्या समोर धावू लागल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या देऊन निघून जायचे. एका कुटुंबाला कुणीतरी कच्ची फळं दिली, ते दुसऱ्या दिवशी परत येऊन सुंदरबाईशी भांडले, कारण पहिली तीच दिसली. शिवकन्याने तर येणंच कमी केलं. डोंगराच्या पायथ्यालाच व्यापाऱ्याच्या टेम्पोला ती माल देऊन टाकायची, तो देईल त्या भावाने. तिचा नवरा अजिनाथ ऊसतोडीच्या मुकादमाकडे जाऊन आला, म्हणजे यंदाही कोयता ठरला.

सुंदरबाईला हे दिसत होतं. तिचीही पाटी आता दुपारनंतर अर्धी राहायची. पण बाभळीपलीकडची जागा रिकामी दिसली की तिला वाटायचं, चालतंय.

एका सकाळी ती पाटी घेऊन आली, तर गतिरोधकापाशी हिरवी जाळी आणि चार खांब उभे होते. वर फ्लेक्स. त्यावर अमरसिंहांचा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, 'ताजी सीताफळ रबडी'. बजरंग नावाचा पोरगेला कार्यकर्ता खांबाला दोरी बांधत होता.

"बजरंग, ही मपली जागा हाय."

"होती काकू. दादांच्या मेव्हण्याचा स्टॉल हाय हा. तुमी जरा तिकडं सरका."

"दादांनी मला दिलती!"

"आन् आता त्यांनीच घेतली," बजरंग दोरीची गाठ आवळत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, की कुत्सितपणाही नव्हता. जसं आहे तसं तो सांगत होता.

सुंदरबाई राधाकिशनला घेऊन अमरसिंहांच्या घरी गेली. दादांनी चहा मागवला, मुलीच्या शिक्षणाची चौकशी केली. "वैनी, तुमाला मी कधी न्हाई म्हणलंय का? मेव्हणा हाय, घरात बोलणी खावी लागतात. पुढच्या वर्षी बघू. तोवर दुसरी जागा तुमची. लगेच सांगतो."

परत येताना राधाकिशन म्हणाला, "दुसरी बी वाईट न्हाई."

सुंदरबाई मनातल्या मनात भांडण मांडून बघत होती. काय म्हणून भांडायचं? माझी सासू तिथे बसायची? मेव्हणा म्हणेल, माझा भाऊजी तालुका चालवतो. दादांनी शब्द दिला होता? शब्द त्यांचा, त्यांनीच फिरवला. तिला एकच मुद्दा असा सापडला, ज्यासमोर दादांनाही गप्प बसावं लागलं असतं: डब्यातून निघालेली खूण. आणि तो डबा तिनेच बंद पाडला होता. शिवाय दुसरी जागा मिळायची ती दुसऱ्या एका बाईला उठवून. उद्या आणखी कुणाचा मेव्हणा आला, की तीच पाळी.

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा होती. शाळेच्या मैदानात सतरंज्या टाकल्या होत्या. खुर्च्यांवर सरपंच, ग्रामसेवक आणि मधोमध अमरसिंह. त्यांना तिथे बसायचा अधिकार कुठल्याच नियमाने नव्हता, पण उठा म्हणणार कोण? पाण्याचा विषय झाला, दिव्यांचा झाला. मग वत्सलाबाई उभी राहिली. घरकुलाचा पहिला हप्ता लेकाच्या खात्यात आला होता, त्यामुळे तिचा आवाज परत आला होता.

"डबा परत चालू करा," ती म्हणाली.

अमरसिंह हसले. "आत्याबाई, कुणाची तक्रार हाय का? ज्याची असंल त्यानं उठावं."

कुणी उठेना. सगळ्यांचे डोळे फिरत फिरत सुंदरबाईवर आले. तिच्यासाठीच डबा बंद झाला होता. ती गप्प राहिली तर दुसरी जागा नक्की होती. दुसऱ्या जागेवरून बाभळ नीट दिसते. आणि डबा परत आला, तर उद्या सकाळी ते हिरवं काकण पुन्हा पहिलं निघू शकतं. पुन्हा ती पाठ, पुन्हा जीपमधली बाई. शिवकन्या पलीकडच्या सतरंजीवर बसली होती. आज ती हसत नव्हती. सरळ सुंदरबाईकडे बघत होती.

सुंदरबाई उठली. राधाकिशनने खालून तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"मला ही शिवकन्या आवडत न्हाई," ती म्हणाली.

सभेत हशा पिकला. "ते समद्यांना ठावं हाय!" मागून कुणी ओरडलं.

"थांबा, बोलू द्या मला. ती हसली की मपल्या पोटात दुखतं. तिचं खपलं की मला जेवण जात न्हाई. आजबी तसंच हाय, खोटं कशाला बोलू?" ती खुर्च्यांकडे वळली. "पर डबा होता तवा मपली सुपारी निघाली, तर त्या दिवशी मला तिथून उठवायची कुणाच्या बापाची छाती न्हवती. दादांनी बसवलं, तर ह्या बजरंग्यानं येऊन उठवलं. म्या काय बोलणार? कुणाला बोलणार?"

"वैनी, दुसरी जागा दिली ना तुमाला," अमरसिंह मऊ आवाजात म्हणाले.

"नगं मला दिलेली. डबा पाहिजे. त्यात हिचं काकणबी राहू द्या. अन् तुमच्या मेव्हण्याला बसायचं असंल तर त्यानंबी खूण टाकावी. आमी काय त्याला न्हाई म्हणत न्हाई."

ग्रामसेवकाने सरपंचाकडे पाहिलं, सरपंचाने अमरसिंहांकडे. तेवढ्यात वत्सलाबाईने हात वर केला. मग शिवकन्याने. मग बायकांच्या सतरंजीवर हातच हात झाले, आणि पुरुषांच्याही. या वर्षी बायकोची पाटी अर्धी परत येते, हे त्यांनीही पाहिलं होतं. राधाकिशन मात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. अमरसिंहांनी सगळ्या हातांवरून नजर फिरवली. ती शेवटपर्यंत पोचल्यावर त्यांनी स्वतःचाही हात वर केला आणि म्हणाले, "मी म्हणतच होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा आला. सगळ्यांनी खुणा टाकल्या. बजरंग लाजत लाजत पुढे झाला आणि त्याने मेव्हण्याच्या वतीने बाटलीचं एक झाकण टाकलं. सुंदरबाईने सुपारी टाकण्याआधी कपाळाला लावली.

एसटी येऊन थांबली. आजची कंडक्टर एक तरुण बाई होती. "हे काय आहे?" तिने विचारलं. वत्सलाबाईने समजावलं. ती हसली, डोळे मिटले आणि डब्यात हात घातला.

बाटलीचं झाकण निघालं.

बजरंगने दात दाखवले. "बगा! म्या काय केलं न्हाई हां!"

"परत काढा!" सुंदरबाई ओरडली. "हे काय झालं? ह्यांच्यासाठी भांडले का म्या काल? ओ म्याडम, परत हात घाला."

कंडक्टर गोंधळून डब्याकडे बघू लागली. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"न्हाई काकू," शिवकन्या पुढे येत म्हणाली. "निघाली ती निघाली. आज परत काढली तर उद्या मपली निघाल्यावर बी परत काढावं लागंल."

"तुझं काय जातंय बोलायला!"

"मपलं बी तेवढंच जातंय. म्याडम, काढा पुढची."

सुंदरबाईने भोवती पाहिलं. कुणी तिच्या बाजूने बोलेना. वत्सलाबाईने डबा कंडक्टरच्या हाताजवळ घट्ट धरून ठेवला होता. दुसरी खूण निघाली, तिसरी निघाली. चौथं हिरवं काकण. पाचवी सुपारी.

एसटी गेली. रबडीच्या स्टॉलवर बजरंगने गाणं लावलं. सुंदरबाईने पाटी उचलली आणि पाचव्या जागेवर जाऊन आदळली. तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, शिवकन्या तीन ढीग लावत होती. सुंदरबाईने तिच्याकडे पाठ केली. मग थोड्या वेळाने मान जराशी वळवून तिने बघितलं, की घट्ट फळं ती नक्की कुठल्या ढिगात टाकते. आणि आपल्याही पाटीचे तसेच ढीग लावत थोडे डोळे उघडलेलं एक फळ उचललं.

"काकू, ते उद्याच्यात घाला," शिवकन्या समोर बघतच म्हणाली.

"कळतंय मला," सुंदरबाई म्हणाली, आणि ते फळ उद्याच्या ढिगात ठेवलं.